रविवारी दोन ते तीन

१९ ऑक्टोबर १९७५, रविवार

नऊ माणसे, रोममधले सहा दिवस, आणि अडतीस डॉलर शिल्लक. हे वाक्य आधी लिहून ठेवतो, कारण आज मिस्सेनंतर चर्चच्या आवारात लोकांनी बॅसिलिकेच्या घुमटापासून विमानातल्या जेवणापर्यंत सगळे विचारले, हे एवढे कोणी विचारले नाही.

यंदा पवित्र वर्ष म्हणून आमच्या सांडोर गावाहून नऊ जण रोमच्या यात्रेला गेलो. विमानाचे भाडे, मठातली खोली, सकाळ-संध्याकाळचे जेवण हे इथेच रुपयांत भरून झाले होते. वरखर्चाला परकीय चलनाच्या परवान्यावर माणशी तीस डॉलर लिहून आले. ते सगळ्यांनी एकत्र करावेत आणि एकाने सांभाळावेत असे मी सुचवले, तेव्हा सांभाळायला मलाच निवडले. मी चौथी शिकलेला, पंपाच्या जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देणारा माणूस. पण इंग्रजी मी वर्तमानपत्र आणि शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः शिकलो, आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात आजवर चुकलो नाही. एक वेढा कमी पडला तर मोटर पुन्हा जळते. परक्या देशात पैशाचेही तसेच.

पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहितो. पंच्याहत्तर लिरा म्हणजे आपला एक रुपया धरावा आणि काहीही घेण्याआधी मनात भागाकार करावा. कॉफी खुर्चीवर बसून घेतली तर दुप्पट पडते, उभ्याने घ्यावी. पहिल्या दिवशी हे ठाऊक नसल्याने आम्ही नऊ जण ऐटीत बसलो आणि बसल्याचे पैसे भरून उठलो. पाणी विकत घेऊ नये, रस्त्यात नळ अखंड वाहत असतात. दुपारी पाव आणि बरोबर नेलेली सुकेळी. आमच्यातल्या प्लासिडने स्वतःच्या वाडीतली राजेळी केळी वाळवून इतकी सुकेळी आणली होती की चौथ्या दिवशी तोच म्हणाला, "सिप्रियन, आता मला सालीत गुंडाळून झाडाला टांग."

अडचण एकच आली. सालोमीमावशीचा प्रवासी चेक वटला नाही. त्या चेकवर एक सही इथे करायची असते, दुसरी तिथल्या बँकेत, आणि दोन्ही जुळाव्या लागतात. मावशीला मराठीत सही येते. मी महिनाभर बसून तिला इंग्रजीत शिकवली. रोमच्या बँकेत थंडीने की भीतीने एक अक्षर उलटे पडले, आणि कारकुनाने मान हलवली. तिचे तीस डॉलर अडकले. म्हणून मी शुक्रवारी सकाळी सर्वांसमोर नियम सांगितला की यापुढे खासगी खर्च या पैशातून होणार नाही, कोणाचाही नाही. हा नियम पाळला म्हणून शिल्लक उरली.

माझी बायको मार्था परत आल्यापासून कामापुरतेच बोलते. प्रवासाचा शीण असावा.

२१ ऑक्टोबर

मुंबईला फोर्टात जाऊन उरलेले डॉलर बँकेत जमा केले. सध्याचे दिवस कडक आहेत, परकीय चलन घरात ठेवणे म्हणजे गुन्हा. त्याबरोबर टोकनेही पुढे केली.

ही टोकने म्हणजे टेलिफोनच्या पेटीत टाकायचे पितळी तुकडे, अंगावर खाचा असलेले. तिकडे सध्या चिल्लरीचा दुष्काळ आहे. दुकानदार मोड म्हणून गोळ्या देतात, नाही तर ही टोकने देतात. पन्नास लिराला एक, आणि परत कोणीही पन्नासला घेतो. म्हणून मी ती रोकडच धरली होती. तेवीस उरली.

कारकून तरुण होता. त्याने एक उलटसुलट करून पाहिले. "काका, हे नाणं नाही."

"तिथे चालते."

"तिथे चालत असेल. इथे लेकाच्या गाडीला चाक म्हणून लावा."

मागच्या रांगेतले दोघे हसले. मी पावती नीट तपासून घेतली आणि निघालो.

२४ ऑक्टोबर

टोकने हीसुद्धा सगळ्यांच्या मालकीची. बँक घेत नाही म्हणून ती माझी होत नाहीत. माणशी दोन याप्रमाणे घरोघर वाटायला निघालो. वरची पाच माझ्याकडे ठेवली, तशी नोंद केली.

प्लासिड केळीच्या बागेत पाणी लावत होता. त्याने टोकने हातावर घेऊन खुळखुळवली.

मग म्हणाला, "त्या रविवारी तुझ्याकडे ही किती होती?"

"एकतीस."

"आणि फ्लॉसीला फोन करायला किती लागली असती?"

"दहा-बारा. लांबचा फोन, पेटी भराभर खाते."

"मी तुला म्हणालो होतो ना, माझ्या वाट्यातली घे?"

"तुझ्या वाट्यातली तुझ्यासाठी. शुक्रवारी मी तुला बिअर नाकारली होती, प्लासिड. रविवारी माझ्या बायकोला टोकने देऊ? लोक काय म्हणाले असते?"

"कोण लोक? आम्ही आठ जण? अरे, तू एकदा विचारायचं होतंस. एकानेही नाही म्हटलं नसतं. तू विचारलंच नाहीस."

त्याने फावड्याने पाटाचे तोंड बदलले आणि पाणी दुसऱ्या ओळीत सोडले. मीही निघालो.

रविवारची गोष्ट अजून वहीत उतरवलेली नाही, ती इथे लिहितो. आमची एकुलती मुलगी फ्लॉसी सहा वर्षांपूर्वी सिस्टर होण्यासाठी इटलीला गेली. सांडोरमधून तिकडे गेलेली ती पहिली मुलगी. उत्तरेकडे एका गावात मठाचे इस्पितळ आहे, तिथे ती काम करते. आम्हाला भेटायला ती रोमला येणार होती, पण आम्ही पोचलो तेव्हा खोलीवर तिचे पत्र आधीच येऊन पडले होते. रजा मिळाली नाही. इस्पितळाच्या फाटकावर टेलिफोन आहे आणि रविवारी दोन ते तीन सिस्टरांना त्यावर बोलण्याची मुभा असते, तर १२ तारखेला फोन करा, मी तिथे बसून राहते, असे लिहून नंबर दिला होता.

मार्थाला छापलेले वाचता येते, हाताचे वाचता येत नाही. पत्रे मीच वाचून दाखवतो. रविवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "दीड वाजला." मी म्हणालो, पैसे सगळ्यांचे आहेत, उद्या आपण तिला सविस्तर पत्र टाकू, तिकीट शंभर लिरांत येते. ते पत्रही पुढे राहूनच गेले.

माझ्या खिशात स्वतःचा एकही लिरा नव्हता. सगळे मी सर्वांआधी एकत्र टाकले होते. तेव्हा याचा मला अभिमान वाटला होता.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

दफनभूमीत बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. सालोमीमावशी शेजारच्या कबरीशी गुडघ्यावर होती. तिची टोकने द्यायची राहिली होती, ती दिली. तिने ती पदराला बांधली. चेकचे रुपये मुंबईच्या बँकेने तिला दिले आहेत. "मराठीत सही केली," म्हणाली. "मुकाट्याने दिले."

मग म्हणाली, "मार्था बरी आहे का?"

"बरी आहे."

"त्या दिवशी पायांना गोळे आले असतील तिच्या."

मी विचारले, कोणत्या दिवशी. तिला वाटले मला माहीत आहे. रविवारी आम्ही पुरुष बॅसिलिका पाहायला गेलो तेव्हा मार्था डोके दुखते म्हणून मागे राहिली होती. मठाच्या कोपऱ्यावर कॉफीचे दुकान आहे, त्याच्या भिंतीला टेलिफोनची पेटी. मार्था तिच्यापाशी तासभर उभी होती. हातात काही नव्हते. दुकानदाराने दोनदा विचारले, काय हवे. सालोमीमावशी बोलवायला गेली तर म्हणाली, "थांब, तिथे अजून तीन वाजले नाहीत."

मावशी सांगत होती आणि मी मेणबत्तीची वात सरळ करत होतो. वारा नव्हता, वात सरळच होती.

५ नोव्हेंबर

फ्लॉसीचे पत्र आले, १६ ऑक्टोबरचे. पत्रातली वाक्ये जशीच्या तशी उतरवतो:

"रविवारी मी दोनपासून फाटकाशी बसले होते. तीन वाजता मदर म्हणाल्या, चल आता. फोन आला नाही याचा मी राग धरला नाही. आईने विचार करून गप्प राहणेच बरे समजले असेल. मला माझे उत्तर मिळाले असे मी धरते. आठ डिसेंबरला कायमची शपथ आहे. प्रार्थना करा."

समंजस मुलगी आहे. अक्षरही आता वळणदार झाले.

मार्थाला वाचून दाखवताना मी फोनचा भाग सोडला. प्रकृती, थंडी, शपथेची तारीख एवढे वाचले. तिने विचारले, "दोन वाजताचं काही लिहिलंय?"

मी म्हणालो, "नाही."

हे खोटे मी वहीत लिहून ठेवतो, म्हणजे निदान एका ठिकाणी खरे राहील.

६ नोव्हेंबर

'माझे उत्तर' म्हणजे काय? प्रश्न कोणता होता?

रोमला मिळालेले पत्र पुन्हा काढून पाहिले. त्यात नंबराच्या खाली एक ओळ आहे. "आईला डिसेंबरच्या आधी एक गोष्ट विचारायची आहे, आईलाच." ती ओळ मी तेव्हाही वाचून दाखवली नव्हती. बायकांचे काहीतरी असेल असे वाटले होते.

१६ नोव्हेंबर

दहा दिवस वही उघडली नाही. उमेळ्याच्या एका बागाईतदाराची मोटर गुंडाळून दिली होती, ती काल चालू करताच धूर निघाला. उघडून पाहिले. वेढे कमी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. तार माझ्या खर्चाने घालून देणार आहे.

आज मिस्सेत बसल्या बसल्या हिशेब केला. करू नये, पण झाला. अडतीस डॉलरच्या लिरा, लिरांची टोकने. पाचशे होतात. दहाला एक फोन धरला तर पन्नास फोन. पन्नास रविवार. मी ते सगळे वाचवून सुखरूप परत आणले आणि फोर्टात पावती घेतली.

इतक्या दिवसांत आठ तारखेच्या आधी फ्लॉसीला पत्र सहज पोचले असते. पण त्यात लिहायचे काय? बाबांनी टोकने दिली नाहीत, असे? रोज कागद काढतो आणि खालचा कोपरा दुमडून परत ठेवतो.

२६ नोव्हेंबर

आज दोन्ही पत्रे मार्थाला पूर्ण वाचून दाखवली. तिला समोर बसवून, सोडलेल्या ओळी बोटाने दाखवून. दुपारची वेळ होती, ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. सोलणे थांबले नाही.

वाचून झाल्यावर मी विचारले, "तिला काय विचारायचं होतं, तुला माहीत आहे?"

"हो."

"काय?"

"तुम्ही तिला निरोपाच्या जेवणाला काय म्हणाला होता?"

मला आठवत होते. मांडवात दोनशे माणसे होती, फादर होते, मी उभा राहून भाषण केले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नांगराला हात घातला की मागे पाहायचे नाही, असे शुभवर्तमानात आहे. मी त्याच्यापुढे माझे वाक्य जोडले होते की सांडोरची मुलगी परत येत नसते.

"त्याच्या आदल्या दिवशी," मार्था म्हणाली, "विहिरीवर मला म्हणाली, नाही जमलं तर? मी म्हटलं, तर ये. दुसऱ्या दिवशी तुम्ही तसं बोललात. पोरगी अठराची होती. तिला आता विचारायचं असणार, दोघांतलं कोणाचं खरं."

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

प्लासिडही हेच म्हणाला होता, शब्द वेगळे.

इथे एक कबूल करतो. मार्थाचे बोलणे मी या वहीत नेहमी पुस्तकी मराठीत फिरवून लिहितो. आमच्या घरच्या बोलीला वहीत बसायला जागा नाही असे मी मानत आलो. ती जे म्हणाली ते वरच्यापेक्षा आखूड होते आणि जास्त लागणारे होते.

शेंगा संपल्यावर तिने सुपातली साले गोळा केली. म्हणाली, "आज कोण वार?"

"बुधवार."

"आठ तारखेच्या आधी एक रविवार धड हाताशी आहे."

तो ३० तारखेचा. त्यानंतरचा ७ चा, पण शपथेच्या आदल्या दिवशी सिस्टरांना कोण बोलू देणार.

पत्र आता वेळेत पोचणार नाही. मुंबईहून परदेशी ट्रंक कॉल लागतो.

१ डिसेंबर

काल मुंबईला गेलो, मार्था आणि मी. तिने सणाचे लुगडे नेसले होते. तिकडचे दोन म्हणजे आपले साडेसहा, हे मी घड्याळ आणि नकाशा घेऊन तीनदा पडताळले. चार वाजताच टेलिफोन कचेरीत जाऊन कॉल नोंदवला. खिडकीवरच्या बाईने विचारले, साधा की पी.पी.? पी.पी. म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून देतात, तो माणूस मिळाला नाही तर पूर्ण पैसे लागत नाहीत. मी पी.पी. म्हणालो. ही सवय.

बाकावर बसलो. माझ्या खिशात ती पाच टोकने होती. कशाला घेतली होती कोण जाणे.

सातला दहा कमी असताना नाव पुकारले. दोघेही काचेच्या खोक्यात शिरलो. आधी खरखर, मग दोन बायका इंग्रजीत बोलत होत्या, मग लांबून तिसरी. ऑपरेटर मला म्हणाली, "इस्पितळाचं फाटक लागलंय. सिस्टर फ्लॉसी येऊ शकत नाहीत. काल संध्याकाळपासून एकांतवासात आहेत, मौन आहे. आठ तारखेपर्यंत कोणाशी बोलणार नाहीत."

मी म्हणालो, "तिची आई आहे म्हणावं. भारतातून."

पुन्हा तिकडे बोलणे. "सांगितलं. नियम आहे म्हणतात. त्यांना वाईट वाटतंय. पी.पी. आहे, तुम्हाला पूर्ण चार्ज पडणार नाही. रद्द करते?"

मार्था माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला इंग्रजी कळत नाही, पण रोममध्ये बँकेच्या कारकुनाने मान हलवली तेव्हाही ती माझ्याकडे अशीच पाहत होती.

मी म्हणालो, "रद्द नको. पूर्ण पैसे घ्या. जी फाटकावर आहे तिलाच जोडा."

"त्यांना फक्त इटालियन येतं, मिस्टर."

"असू द्या."

मी रिसीव्हर मार्थाच्या कानाला लावला आणि सांगितले, फ्लॉसी नाही, दुसरी सिस्टर आहे, तिला आपले कळणार नाही. तिने मान डोलावली आणि बोलायला लागली.

ती आमच्या बोलीत बोलली. विहिरीवर बोलते तशी, सावकाश. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतले. काचेतून दिसत होती. मध्ये एकदा थांबून तिने ऐकले, मग पुन्हा बोलली. तीन मिनिटांनी खिडकीवरच्या बाईने माझ्याकडे पाहिले. मी बोटांनी खूण केली, वाढवा. सहा मिनिटांनी पुन्हा पाहिले. पुन्हा खूण केली.

दाराला फट होती, त्यामुळे बरेचसे ऐकू आले. ते मी इथे लिहीत नाही. लिहायचे तर मला ते सरळ करावे लागेल.

बाहेर आल्यावर म्हणाली, "तिने ठेवला नाही. शेवटपर्यंत हातात धरून होती."

शेजारच्या खिडकीवर तार लिहिली. मार्था म्हणाली आणि मी रोमन अक्षरांत लिहीत गेलो: तू ये, दार उघडं आहे. तारेच्या शब्दांचे पैसे पडतात. कारकुनाने सुचवले, एवढ्यात भागेल. मी शेवटी माझ्या हाताने दोन शब्द वाढवले: बाबा म्हणतात.

दोन्हीचे मिळून किती झाले ते मी पाहिले. लिहीत नाही.

५ डिसेंबर

प्लासिड सकाळी आला. मला ओलांडून सरळ चुलीपाशी गेला आणि मार्थाच्या हातावर दोन टोकने ठेवली. "आमच्या घरात पेटी नाही, वहिनी. याचं करू काय?" सालोमीमावशीने पदराची गाठ सोडली ती काल. परवा आणखी दोघे येऊन गेले. गावात ट्रंक कॉलची बातमी गेली आहे, मी कोणाला सांगितलेली नाही.

माझ्याकडची वरची पाच आणि माझ्या वाट्याची दोनही तिला दिली. ती शिवणाच्या डब्यात ठेवते.

८ डिसेंबर, सोमवार

आज मरिया मातेचा सण. मिस्सेहून आल्यावर मार्थाने विचारले, तिथे किती वाजता असेल? मी म्हणालो, सकाळी दहाला म्हणजे आपले अडीच. जेवण झाल्यावर ती वाडीत गेली आणि टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत बसली. मी कोयता घेऊन तिला काठ्या तासून देत होतो. अडीच वाजले तेव्हा मी सांगितले नाही. तिने हातातली काठी मातीत रोवली, दाबली, आणि क्रूसाची खूण केली.

तार मिळाली असेल तर आज शपथ नाही. तार मिळालीच असणार. पैसे भरले आहेत, पावती आहे.

२२ डिसेंबर

पोस्टमन आला तेव्हा मी उंबऱ्यातच होतो. फ्लॉसीचे अक्षर. नेहमीसारखा चष्मा डोळ्यांवर चढवला. मार्था आतून आली, हात पुढे केला, आणि मी पाकीट तिला दिले. तिने ते फोडले नाही. चपला घातल्या आणि प्लासिडच्या घरी गेली. प्लासिडची बायको रेजिना सातवी शिकलेली आहे.

तासाभराने आली. मी मोटरीचे झाकण उघडून बसलो होतो, काम करत नव्हतो.

"शपथ झाली," ती म्हणाली. "बरी आहे."

मी थांबलो. ती पुढे बोलेल की नाही माहीत नव्हते.

"फाटकावरच्या बाईने सांगितलं तिला. तुझी आई खूप वेळ बोलली, काय ते कळलं नाही, पण मी ऐकून घेतलं, म्हणून. तारही दिली."

"कधी?"

"शपथ झाल्यावर. मौनात देत नाहीत म्हणे."

एवढे मला सांगितले. पत्र दोन्ही बाजूंनी भरलेले होते, वळताना दिसले. बाकीचे तिने सांगितले नाही. पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. पुस्तक फळीवर आहे, माझा हात सहज पोचतो. मी ते काढणार नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "उत्तर लिहून घ्यायचंय रेजिनाकडून. हवाई टपालाला किती लागतात?"

मी सांगितले.

"द्या."

दिले. दाराशी जाऊन ती वळली. "हिशेबात कुठे मांडायचे ते तुम्ही बघा."

मी कुठेच मांडले नाहीत.